न झिजलेले ब्रेक

आमच्या कर्वेनगरातल्या सोसायटीत श्रीनिवास जोगळेकरांना विचारल्याशिवाय कुणी सायकल घेत नाही. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी चढाई मंडळ काढलं. दर रविवारी सिंहगडाचा घाट सायकलने चढायचा, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही हाणायचं आणि सायकली जीपच्या टपावर टाकून खाली यायचं, हा मंडळाचा शिरस्ता. उतरायला जीप कशाला, असं एखाद्या नवख्याने विचारलंच तर जोगळेकर चष्म्यावरून त्याच्याकडे बघत. "उतार कुणीही उतरतं. दगडसुद्धा उतरतो. त्यासाठी ब्रेकचे रबर कशाला झिजवायचे?" तत्त्व आणि काटकसर एकाच वाक्यात मिळाली की आम्ही पुढे फारसं विचारत नाही.

गेल्या दिवाळीपासून त्यांनी आल्प्सचा बेत धरला. ऑस्ट्रियातलं डोंगरातलं एक गाव. हिवाळ्यात तिथे लोक बर्फावरून घसरतात आणि उन्हाळ्यात त्याच डोंगरांत सायकली चालवतात. जोगळेकर, त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई आणि त्यांचा शेजारी म्हणून मी, असे तिघे जूनअखेर जाणार होतो. दिवाणखान्यात नकाशे लागले. कुठल्या वळणावर बसून थालीपीठ खायचं तेसुद्धा ठरलं. सुहासिनीबाई साठीला आल्यावर सायकल शिकल्या त्या या बेतापायीच. पार्किंगमध्ये त्या डगमगत फेऱ्या मारायच्या आणि मागून जोगळेकर ओरडायचे, "अगं, ब्रेक सोड! किती भित्री आहेस!" सगळ्या गॅलऱ्यांतून ते ऐकू यायचं. त्या निमूटपणे ब्रेक सोडायच्या.

मे महिन्यात वरच्या मजल्यावरची स्पृहा म्युनिकहून सुट्टीवर आली. नकाशे बघून ती हसली. "काका, तिथे चढत कुणीच नाही. सायकल रोपवेला अडकवायची, वर जायचं आणि जंगलातून सुसाट खाली. दिवसभर नुसतं डाउनहिल!"

"आपण चढून जाऊ," जोगळेकर म्हणाले. "खाली येताना घेतील ना सायकल रोपवेत?"

"त्या गावात नाही घेत. पण कशाला घेतील? उतरण्यातच तर मजा आहे."

जोगळेकरांनी नकाशाची सुटलेली चिकटपट्टी दाबून बसवली.

मग वारज्याच्या टेकडीवर सराव करायचं ठरलं. आम्ही तिघंच होतो. पायवाट काही फार उभी नव्हती, पण मातीची, मधे खडक. जोगळेकर तोंडाशी थांबले. त्यांनी दोन्ही ब्रेक इतके घट्ट धरले होते की बोटं पांढरी पडली होती. "चेन घसरतेय," ते म्हणाले. चेन जागेवर होती. सुहासिनीबाईंनी पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि त्या निघाल्या. खाली पोचल्यावर त्या मोठ्याने हसल्या. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांचं ते हसणं ऐकलं नव्हतं. जोगळेकर सायकल हातात धरून पायी उतरले. मी त्यांच्या मागेच होतो. त्यांच्या ब्रेकचे रबर दुकानातून आणल्यासारखे कोरे होते आणि जीपचं कोडं मला तिथे सुटलं. मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. त्यानंतर ते पेपर मागायला आमच्याकडे फिरकले नाहीत.

खरं म्हणजे तेव्हाच बोलून टाकलं असतं तर विषय चहाच्या कपात मिटला असता. उताराची भीती वाटणं हा काही गुन्हा नाही. पण सोसायटीने त्यांचा सत्कार ठरवला होता. परदेशी निघालेल्या माणसाचा सत्कार आम्ही जाण्याआधीच करतो. परत आल्यावर तो फोटो दाखवत बसतो.

हॉल भरला होता. सेक्रेटरी सत्यशीलाबाईंनी शाल आणि नारळ दिला आणि टाळ्या पडल्या. जोगळेकर माइकसमोर उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "बेतात थोडा बदल आहे. सुहासिनीला उतार झेपत नाही. परवा वारज्याला प्रयत्न करून पाहिला. तिच्यासाठी म्हणून आम्ही आता तिथल्या तळ्याकाठच्या सपाट रस्त्यावरच सायकल चालवू."

सुहासिनीबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी एकदाच वर पाहिलं. शेजारची एक बाई त्यांच्या हातावर थोपटत म्हणाली, "बरं झालं बाई. या वयात नसतं धाडस कशाला?"

"हो ना," सुहासिनीबाई म्हणाल्या.

ते दोन शब्द माइकपर्यंत पोचले असावेत. जोगळेकर तळ्याच्या सौंदर्याबद्दल बोलू लागले, पण आवाज खाली खाली गेला आणि भाषण मधेच संपलं. जिन्यात मला गाठून ते म्हणाले, "तुम्ही काही बोलला नाहीत. आभारी आहे." मी म्हटलं, "आभार चुकीच्या दारात मानताय." त्यांचा चेहरा उतरला. त्यांना मनापासून लाज वाटत होती, आणि ती कुठे ठेवावी हेच त्यांना कळत नव्हतं. नारळही तसाच हातात होता.

पुढच्या रविवारी गडावर सुहासिनीबाईंसकट सगळ्यांचं दही खाऊन झालं. जीप लागली. आमच्या सायकली टपावर चढल्या. सुहासिनीबाईंनी मात्र हेल्मेटचा पट्टा लावला आणि कुणाला काही न सांगता उताराला लागल्या.

"अहो, वहिनींना झेपत नाही ना?" कुणीतरी ओरडलं. उत्तर द्यायला त्या तिथे नव्हत्याच.

जोगळेकर पुढे जीपवाल्याशेजारी बसले. घाटात आमच्या पुढे सुहासिनीबाईंची पाठ दिसत होती. वळणं ताठ आणि सावकाश घेत त्या चालल्या होत्या. जीपवाल्याला ओलांडायला जागा मिळेना, तो हॉर्न वाजवायला गेला तर जोगळेकरांनी त्याचा हात धरला. सगळी जीप आता जोगळेकरांकडे बघत होती. निम्म्या घाटात ते म्हणाले, "थांबवा." त्यांनी टपावरून सायकल काढली, बसायचा प्रयत्न केला, पुन्हा उतरले आणि हातात धरून चालू लागले.

पायथ्याला आमचा चहा होऊन बराच वेळ झाला तेव्हा ते आले, घामेजलेले, शर्ट पाठीला चिकटलेला. टपरीवर सगळं मंडळ होतं. ते सरळ बायकोसमोर जाऊन उभे राहिले.

"मला उताराची भीती वाटते. पहिल्यापासून. तुला नाही."

"माहितीये," सुहासिनीबाई म्हणाल्या. "तुमची सायकल मीच पुसते."

"चुकलं माझं. ती शाल खरी तुझी."

"शाल ठेवा तुमच्याकडे. जे हॉलमध्ये बोललात, ते हॉलमध्येच परत घ्या. इथे दही हाणणाऱ्या मंडळाला सांगून काय उपयोग?"

जोगळेकरांनी मान खाली घातली. वाटलं, आता ते काहीतरी तत्त्व काढणार. पण त्यांनी खिशातून फोन काढला.

"सत्यशीलाबाई, जोगळेकर बोलतोय. संध्याकाळी हॉल मिळेल का? आणि माइक पण लागेल."

पलीकडून सत्यशीलाबाईंचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "पुन्हा? आता कुणाचा सत्कार?"

"सत्कार नाही," जोगळेकर म्हणाले. "मी बायकोबद्दल खोटं बोललो होतो. तेवढं सांगायचंय. जेवढी माणसं तेव्हा होती, तेवढी बोलवा."