चार बाय सहाची कुंडी

नाना गेल्याचं मला भाजीबाजारात कळलं. भरताची हिरवी वांगी निवडत होते आणि समोरून नानांचा मुलगा मोहन आला. त्याचं भादरलेलं डोकं पाहिलं आणि हातातलं वांगं हातातच राहिलं. "ताई, नाना गेले. झोपेतच. तुम्हाला कळवायचं फार मनात होतं, पण तुमचा नवा पत्ता काही सापडेना..." एवढं बोलून तो बिचारा माझ्यासमोर अपराध्यासारखा उभा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. मग परत त्या भाजीवाल्याकडे वळून चक्क भावावरून हुज्जत घातली. घरी येऊन वांगी भाजायला ठेवली, सालं तडतडायला लागली, तेव्हा कुठे रडू आलं. याला पाच-सहा आठवडे होऊन गेले. लिहायचं होतं ते तेव्हापासून मनात घोळतंय, पण लिहायचं म्हणजे एक गोष्ट सांगावी लागणार, आणि ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही.

रघुनाथनाना आमच्या ऑफिसातले ड्राफ्ट्समन. धुळ्यातल्या एका आर्किटेक्ट साहेबांचं ते ऑफिस, जिना चढून वर एकच लांबट खोली, उत्तरेला मोठी खिडकी. नाना पेन्सिलीनं नकाशे काढायचे आणि मी ट्रेसर, म्हणजे त्यांच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर पसरून तो शाईनं गिरवायचा. आयटीआयमधून नुकतीच बाहेर पडलेली, वय वीस, आणि नाकावर माशी बसू देत नसे. मला सगळं नियमात लागायचं. नानांचं उलट. ते स्टुलावर बसल्या बसल्या कुठेतरी निघून जायचे. पेन्सिल कागदावर टेकलेली, नजर खिडकीबाहेर... दोन मिनिटांनी परत यायचे आणि एका दमात रेघ ओढायचे, ती अगदी बरोबर जागी जाऊन थांबायची. त्यांची चूक कुणी कधी पाहिली नव्हती.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराला साहेबांकडे दाणागल्लीचं काम आलं. बाजारातली ही जुनी धान्याची गल्ली पूर्ण पाडून तिथे नवं दुमजली कॉम्प्लेक्स व्हायचं होतं. पाडायच्या आधी आहे त्या गल्लीचा नकाशा हवा, कारण कुणाला नवा गाळा मिळणार ते त्या नकाशावरून ठरणार. म्हणून दोन महिने आम्ही रोज सकाळी टेप घेऊन त्या गल्लीत. मी अजूनही डोळा लागता लागता तिथे जाते. हिवाळ्याचे दिवस, ऊन तिरपं, आणि हवेत दादर ज्वारीची, बाजरीची धूळ इतकी की ऊन हातात धरता येईल असं वाटायचं. पोत्यांचा उबट वास. कुठेतरी चाळणीची सळसळ, ती थांबली की पारव्यांची घुमघुम. समोरचा माणूस धुळीतून हळूहळू आकाराला यायचा आणि पुढे जाऊन विरघळायचा. नाना टेपचं टोक धरून मधेच थांबायचे.

"सुमन, ऊन सरकू दे जरा. मग मोजू."

"टेपला उन्हाचं काय, नाना?"

"टेपला काही नाही गं. मला बघायचंय."

मी चरफडत वहीत आकडे लिहायची. आता वाटतं, तो माणूस गल्ली डोळ्यांत साठवून घेत होता आणि मी घड्याळ बघत होते.

गल्लीच्या मध्यावर एका मारवाडी शेठजींचं दुकान होतं आणि त्यांच्या ओट्यावर एक अक्का बसायची. शिंदखेड्याकडची. ज्वारीचे बिबडे, पापड, कुरडया विकायची. एका अंगाला दुकानाची भिंत, बाकी तीन बाजूंना बांबू आणि वर पत्रा, एवढंच तिचं दुकान. शेठजींच्या वडिलांनी तिला तिथे बसायला सांगितलेलं, त्याला तीसेक वर्षं झालेली. भाडं नाही, पावती नाही. सकाळी ती शेठजींचा ओटा झाडायची आणि शेठजी तिच्या माठातलं पाणी प्यायचे, झाला व्यवहार. मी आपली वही काढून विचारलं, "अक्का, जागेचा काही कागद आहे का?"

"कागद कसाना, बहीण? मी आठेच बठस. बठ्ठासले माहीत शे."

ती इथेच बसते, सगळ्यांना माहीत आहे. एवढाच तिचा पुरावा. शेठजीही आतून म्हणाले, "अरे, तिला काय विचारता, ती माझ्या आधीपासून आहे." नानांनी जागा मोजली. चार फूट बाय सहा फूट. साहेबांचा नियम होता, पक्कं बांधकाम अखंड रेघेत दाखवायचं आणि तात्पुरतं तुटक रेघेत. अखंड रेघेतल्याला गाळा, तुटक रेघेतल्याला काही नाही. मी वहीत लिहिलं, ओटा, तात्पुरता, तुटक.

पुढे त्या भागाची शीट शाईत काढायची वेळ आली तेव्हा नाना म्हणाले, ही मीच काढतो. मला नवल वाटलं, थोडा रागही आला. काम संपलं आणि दुसऱ्या दिवशी नाना मेहुण्याच्या लग्नाला गावी गेले. नेमकं त्याच दिवशी साहेबांनी मला शीट वहीशी ताडून बघायला सांगितली. मी एकेक आकडा बघत गेले आणि अक्काच्या जागेवर थांबले. वहीत तुटक, शीटवर अखंड. चारही बाजूंनी काळीभोर, ठसठशीत.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. नानांची चूक सापडली. साहेबांच्या नजरेला पडायच्या आत आपण ती दुरुस्त करायची, नानांची लाज राखायची, असा वर चांगुलपणाचा आव. ट्रेसिंगवरची शाई ब्लेडनं खरवडता येते. मी अर्धं ब्लेड घेतलं आणि श्वास रोखून त्या रेघेत एकसारख्या फटी पाडल्या. तुटक रेघ तयार. त्या माणसानं ती रेघ मुद्दाम तशी ओढली असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगीच नाही. दुपारी अमोनियाच्या वासात प्रिंट निघाल्या आणि मंजुरीला गेल्या.

नाना परत आले. त्यांनी शीट उचलून खिडकीशी धरली. खरवडलेल्या जागी कागद पातळ होतो, तिथून उजेड जास्त येतो. त्यांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला... बराच वेळ. मग म्हणाले, "ब्लेड छान चालवतेस गं. कागद फाटू दिला नाहीस." आणि चहाला निघून गेले. मी बावळट, ती शाबासकी म्हणून दोन महिने मिरवली.

गाळे मिळणाऱ्यांची यादी लागली त्या दिवशी अक्का जिना चढून वर आली. पहिल्यांदाच. धापा टाकत होती. तिनं कुणावर आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, "बठ्ठासना नाव शे. मनंच कसं नही, नाना?"

नाना स्टुलावरून उठले. त्यांनी तिला आपल्या जागी बसवलं आणि तिच्यासमोर उभे राहिले. "अक्का, माझी चूक झाली. माझ्या हातून रेघ तुटली." मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते. शाईची दौत समोर, पेन हातात. तेव्हा बोलायला हवं होतं. नाना, तुमची नाही, माझी. इतकंच तर वाक्य. पण मी मान खाली घालून पेन पुसत राहिले, आणि नानांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते. ते आत साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, मंजूर नकाशा आहे, आता एक रेघ हलायची नाही.

मग गल्ली पडली. आठ-दहा दिवसांत. मी बघायला गेले तर तिथे नुसतं आभाळ होतं, एवढं मोठं आभाळ त्या ठिकाणी असेल असं कधी वाटलं नव्हतं. पारवे त्या रिकामपणावर गोल गोल फिरत होते, उतरायला जागा शोधत. अक्का स्टँडच्या रस्त्यावर बसायला लागली, उन्हात, गोणपाटावर. हातगाडीवाले तिला आज इकडे, उद्या तिकडे हटवायचे. मी माझा जायचा-यायचा रस्ता बदलला. पुरतं अर्ध्या तासाचं अंतर वाढलं, पण बदलला.

नाना मात्र रोज तिच्याकडून एक बिबडा घ्यायचे आणि ऑफिसात आणून खायचे. मला अर्धा द्यायचे. तो मी कण न सांडता संपवायची.

नव्या कॉम्प्लेक्सचे नकाशेही आमच्याकडेच होते. साहेबांचं सगळं लक्ष दर्शनी बाजूच्या काचांकडे. एका सकाळी नानांनी तळमजल्याची शीट माझ्यापुढे सरकवली. जिन्याच्या शेजारी, सावलीच्या बाजूला, एक चौकोन होता. नाव लिहिलं होतं, कुंडी. उंची दीड फूट. वर शहाबादी फरशी.

"नाना, कुंडीवर फरशी? मग झाड कुठून येणार?"

"येईल की. येऊन बसेल."

मी मापं पाहिली. चार बाय सहा. मान वर करायची माझी हिंमत झाली नाही. नाना खिडकीबाहेर बघत होते, नेहमीसारखे. मी पेन भरलं आणि तो चौकोन गिरवला. अखंड. शाई वाळू दिली आणि त्यावरून आणखी एकदा गिरवला. नाना हळूच म्हणाले, "फार जाड करू नकोस, साहेब विचारतील." त्यांच्या आवाजात हसू होतं. आमच्यात या विषयावर झालेलं बोलणं ते एवढंच.

ठेकेदारानं नकाशाबरहुकूम कुंडी बांधली. तिच्यात झाड कुणी लावलं नाही. पहिल्याच आठवड्यात अक्का तिथे येऊन बसली आणि कुणी तिला उठवलं नाही, कारण ती जागा कुणाच्याच गाळ्यात येत नव्हती. मी पुढे लग्न होऊन जळगावला गेले, नवऱ्याच्या बदलीनं पुन्हा धुळ्यात आले. या सगळ्या वर्षांत नानांना दिवाळीला भेटत राहिले. दर वेळी ठरवून जायची, आज बोलायचं. नाना चकल्या पुढे करायचे, कुठल्या तरी जुन्या गल्लीचं, तिथल्या उन्हाचं बोलायला लागायचे, आणि मीही त्यांच्याबरोबर त्या उन्हात जाऊन बसायची. इतकं बरं वाटायचं तिथे की माझं बोलणं राहून जायचं. यंदाच्या दिवाळीलाही राहिलं. आता ऐकायला नाना नाहीत.

गेल्या गुरुवारी मी कॉम्प्लेक्समध्ये गेले. अक्का कुंडीवर होती. पार थकलीय, डोळ्यांना नीट दिसत नाही, बिबडे हातानं चाचपून मोजते. मी सांगितलं, नाना गेले. तिला ठाऊक होतं. तेराव्याला तिच्याकडूनच पापड गेले होते, तिनं पैसे घेतले नव्हते. मग मी बोलायला सुरुवात केली. उभ्या उभ्या, रडत, पुढचं मागे आणि मागचं पुढे करत. वही, ब्लेड, नाना गावाला गेले होते ते. ती रेघ नानांच्या हातून तुटली नव्हती, मी तोडली, आणि ते तुझ्यापुढे खोटं बोलले तेव्हा मी तिथेच गप्प बसले होते. अक्का ऐकत होती. हात बिबड्यांवर थांबलेले. समोरून माणसं जात-येत होती, दोघीतिघींनी भाव विचारला, तिनं उत्तर दिलं नाही.

माझं सांगून संपलं. मला वाटलं आता बोलेल... स्टँडवरची ती उन्हातली वर्षं, ती गोणपाटं. बोलली असती तर मला बरंच वाटलं असतं.

तिनं बिबड्यांची टोपली उचलून मांडीवर घेतली, स्वतः भिंतीकडे सरकली आणि मोकळ्या झालेल्या फरशीवरून पदरानं धूळ झटकली.

"उभी कितला येळ ऱ्हाशी?" ती म्हणाली. "बठ."

मी बसले. चार बाय सहामध्ये आम्ही दोघी आरामात मावलो.