समुद्राचा दुसरा काठ

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आणि चार दिवसांत त्या विषयातला जाणकार झालो. आम्हा नागपूरकरांना बोलायला माहिती लागत नाही. वेळ लागतो, आणि तो आमच्याकडे भरपूर आहे.

धंद्याने मी घरांचे नकाशे काढतो. हुडकेश्वरकडे गेल्या काही वर्षांत जी घरं उगवली, त्यांतल्या बऱ्याच घरांत संडास कुठे असावा हे मी ठरवलं आहे. चित्रकलेची हौस लहानपणापासूनची. पण माझं रेखाटन आजवर कुणी भिंतीवर लावलं नव्हतं. माझ्या रेखाटनावरून लोकांनी भिंती बांधल्या आणि रेखाटन गुंडाळून माळ्यावर टाकलं.

तर मालवणकडच्या एका गावात आम्ही नवरा-बायको गेलो होतो. परतीच्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण चालली होती. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात, त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात, आणि माणसांच्या दोन रांगा ते ओढत ओढत जाळं वाळूवर आणतात. मी कमरेवर हात ठेवून, डोळे बारीक करून, कलावंत उभे राहतात तसा उभा होतो. रांगेतली एक म्हातारी ओरडली, "बघतंस काय रे? दोरी धर!"

धरली. अर्ध्या तासात तळहात सोलून निघाले आणि मला दृष्टान्त झाला. दोन रांगा, मधे दोर, पुढे समुद्र: हे तर समुद्रमंथन! दोर म्हणजे वासुकी. मी अर्थात देवांच्या बाजूला.

जाळ्यातून अमृत निघालं नाही, बांगडे निघाले. रापणीचा नियम असा, की ज्याने दोर ओढला त्याला वाटा. म्हातारीने पाच बांगडे माझ्या हातात ठेवले. संध्याकाळची गाडी होती. बायको म्हणाली, "नागपूरपर्यंत डब्यात लोकं आपल्याले जित्ते ठेवतीन का?" मी वाटा परत करायला गेलो तर म्हातारीचा चेहराच उतरला.

"वाटो परत घेत नाय आम्ही. तू काय करतंस?"

"चित्रं काढतो," मी म्हणालो. संडासांचं सांगितलं नाही.

"मगे आमचा चित्र काढ. बरा जमला तर मांगरात लावतंय. नाय जमला तर धाडू नको."

मांगर म्हणजे त्यांची जाळी ठेवायची शेड. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला भिंत देऊ केली होती. परतीच्या अख्ख्या प्रवासात मला त्या शेडखेरीज काही सुचलं नाही.

पाच महिने मी मागच्या खोलीत पाच फुटी कॅनव्हाससमोर बसलो. बायको दारातून डोकावायची. "काय करून राहिले?"

"समुद्र."

"पंखा तं बंद करा, बाहेर आल्यावर."

इकडच्या काठावर देव, त्यांना कोळ्यांचे चेहरे. सर्वांत पुढे म्हातारी, सर्वांत मागे नम्रपणे मी. पलीकडच्या काठावर दानव. दानवांच्या चेहऱ्यांसाठी लांब जावं लागलं नाही, आमच्या लेआउटची, म्हणजे वसाहतीची, कमिटी पुरली. सचिवांना तर शिंगंही शोभून दिसली. चित्र घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवलं. प्रत्येकाने "वा" म्हटलं. सदर भागातला फ्रेमवाला म्हणाला, "साहब, समुंदर एकदम ओरिजिनल!"

मग व्हिडिओ कॉल. फोन बायकोने धरला. पलीकडे शेजारणीच्या फोनमध्ये म्हातारी, आणि तिच्या खांद्यांवरून डोकावणारी सगळी रापण. तिने पदराने डोळे पुसले. मला वाटलं, भारावली.

"रे, पलीकडे ते कोण?"

"दानव."

"ते कळला. ते उभे कशार आसत?"

"काठावर."

"दर्याक पलीकडे काठ खंयसून इलो?"

मी चित्राकडे पाहिलं. होता. झाडांसकट होता. आमच्या सक्करदऱ्याच्या तलावाला असतो तसा, हिरवा, नीटनेटका. तीस वर्षं प्लॉटच्या चारही बाजू आखणाऱ्या हाताने अरबी समुद्रालाही हद्द घातली होती.

फोनमध्ये एव्हाना रापण हसून हसून वाकली होती. म्हातारी मात्र हसली नाही. "आणि असा समोरासमोर ओढल्यार जाळा फाटतला. तू ओढलंस मा दोर? सगळी एकाच बाजूक ओढतत. ह्या नाय लावूचा मांगरात."

फोन बंद झाला. मी बायकोला म्हणालो, "अवं, तुले तरी दिसाले पाहिजे होतं!"

"मले वाटलं, कलेत चालते तसं."

पाच महिन्यांत अख्ख्या नागपुरात एकालाही तो काठ खटकला नव्हता. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. आठ दिवस मी जेवताना कलेच्या उपेक्षेविषयी बोललो. नवव्या दिवशी बायकोने वरणाची वाटी आपटली.

"काठ पुसा. झालं."

"आणि दानव? त्यांना बुडवू?"

"बुडवता काहून? इकडं आणा. आमच्या बाबाची बैलबंडी गाऱ्यात फसली, का दुश्मनबी बंडीले हात लावे. तवा कोनी इचारे का, तू देव हायेस का राक्षस?"

मी उठून चित्र वळवायला निघालो. मग तिने पोळी वाढली, म्हणून जेवलो.

काठ पुसला. त्या जागी पाणी आणि आभाळ एवढंच आलं, आणि ते रंगवताना मला भीती वाटली, हे मात्र खरं. दानव उचलून म्हातारीच्या बाजूला आणले. कमिटी प्रथमच एका दिशेने ओढताना दिसली.

दुसरा कॉल. म्हातारीने डोळे फोनला टेकवले.

"आता जाळा येतला," ती म्हणाली. "शेवटचो हो कोण? दोर ढिलो धरल्यान."

"तो मी."

"तरीच. धाडून दी."

चित्र गेलं. महिन्याभराने फोटो आला. मांगराची भिंत, भिंतीवर चित्र, आणि चित्राच्याच खिळ्याला कुणाचा तरी ओला शर्ट, थेट माझ्या तोंडावरून.

दुसऱ्या दिवशी पार्सल आलं: सुके बांगडे, दोन वाटे. चिठ्ठीत लिहिलं होतं, एक तुझो, एक आदलो रवलेलो. बायकोने ते तव्यावर टाकले आणि दहा मिनिटांत दार वाजलं. लेआउटचे सचिव, नाकाला रुमाल.

"काय मेलं गा तुमच्या घरी?"

मी काही बोलायच्या आत बायकोने बशीत एक तुकडा ठेवून त्यांच्या पुढे केला. "घ्या भाऊजी, तुमचाबी वाटा हाये. तुमीबी ओढला दोर."

त्यांना काहीच कळलं नाही. पण रुमाल खाली आला.