मिल लेनची घरं

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगमध्ये संध्याकाळचे सात वाजले, की चारुता जेवणाची ताटं उचलायची आणि त्याच जागी तिचे बाबा आपलं दुकान मांडायचे. एक जाड वही, लाल पेन, निळं पेन, चष्मा आणि फोन. इंग्लंडमध्ये तेव्हा सकाळचे दहा. म्हातारी माणसं चहा पिऊन मोकळी झालेली, बाजारात जायला अजून अवकाश. फोन करायला याहून चांगली वेळ नाही, असं बाबांचं म्हणणं.

"गुड मॉर्निंग, जॉर्ज," बाबा म्हणायचे.

"इट्स नाइट, आजोबा," सोफ्यावरून अनन्या, त्यांची नात, न बघताच म्हणायची.

बाबा म्हणजे रविंद्र गुप्ते, वय बहात्तर. उत्तर इंग्लंडमधल्या एका पोलादाच्या गावात तीस वर्षं काढलेली. कारखान्यात इंजिनिअर, आणि त्यातली अठरा वर्षं लेबर पक्षाचे कौन्सिलर. आपल्याकडे नगरसेवक म्हणतात तसे. तुंबलेली गटारं, न उचललेला कचरा, पेन्शनचे फॉर्म. मिल लेन भागातली दीडशे घरं त्यांनी इतक्यांदा पालथी घातली होती, की कुणाचा कुत्रा चावतो आणि कुणाचा नुसताच भुंकतो, हे त्यांना पाठ होतं. पत्नी सरिता गेली, मग गुडघ्याने दगा दिला. तरी चोवीस सालच्या जुलैत, पार्लमेंटच्या निवडणुकीला, ते काठी टेकत दारोदार हिंडले. लेबरने देशभर धडाधड जागा जिंकल्या. त्या आनंदातच रविंद्रांनी ठरवलं, आता पुरे. नोव्हेंबरात राजीनामा देऊन ते मुलीकडे ऑस्ट्रेलियात आले.

मे महिन्यात त्यांच्या जागेसाठी स्थानिक निवडणूक होती. उमेदवार ऋता. मूळ नाशिकची मुलगी, आता त्या पोलादाच्या गावातल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. रविंद्रांचा गुडघा वाकवता वाकवता तीच त्यांच्या नादाने पक्षात वाकली, असं सरिता असती तर म्हणाली असती. पहिलीच निवडणूक, आणि ती लढायची रविंद्रांच्या नावावर.

पण जुलैतलं वारं एप्रिलपर्यंत राहिलं नव्हतं. नव्या सरकारने बहुतेक म्हाताऱ्यांचा हिवाळ्यातला हीटिंगचा भत्ता काढून घेतला होता. रिफॉर्म नावाचा पक्ष जोरात होता.

"मिल लेन कुठे जात नाही," रविंद्र म्हणायचे आणि पुढचा नंबर फिरवायचे. आपलं घर असलं तर लाल खूण. डळमळीत असलं तर निळं प्रश्नचिन्ह. तीन आठवड्यांत वही लाललाल झाली.

मॉरीनला त्यांनी एका मंगळवारी फोन केला. मॉरीन ऐंशीची, एकटी. सरिताच्या आजारपणात रोज संध्याकाळी सूप घेऊन यायची.

"रवी, लव्ह, तूच का तो?" सगळ्यांनाच ती लव्ह म्हणायची. " तिकडे ऊन आहे का रे?"

"भरपूर. तुला पाठवू का थोडं?"

"पाठव. जानेवारीत पाठवायला हवं होतंस. महिनाभर मी कोट घालून झोपले."

रविंद्रांनी वही जवळ ओढली. मग ते म्हणाले, "मॉरीन, मेच्या एक तारखेला ऋता उभी आहे. आपली ऋता."

"गोड मुलगी आहे."

"मत देशील ना?"

पलीकडे चमचा कपात फिरत राहिला. "तू उभा असतास, तर तुला दिलं असतं. पण तुमच्या लोकांनी फार वाईट केलं, रवी. आता हे तुला कशाला सांगते मी. तुझा आवाज ऐकून किती बरं वाटलं. पुन्हा करशील ना फोन?"

"करेन की."

फोन ठेवला. भांडी पुसत चारुता मागे उभी होती; स्पीकरवरून तिने सगळं ऐकलं होतं. बाबांनी निळं पेन उचललं, ठेवलं, आणि लाल खूण केली.

"बाबा, ती हो म्हणाली नाही."

"तू ओळखतेस का तिला? कुरकुर करते आणि मत आपल्यालाच देते. अठरा वर्षांचा अनुभव आहे माझा."

"अठरा वर्षं तुम्ही तिच्या दारात होतात."

"आणि आता कुठे आहे मी? फोनवरून तिथेच ना?"

चारुताने पुढचं ताट पुसायला घेतलं. बाबांनी पुढचं पान उलटलं. त्या आठवड्यात असे आणखी दहा-बारा फोन झाले. कुणी हवेचं बोललं, कुणी सरिताच्या बटाटेवड्यांचं. सगळ्यांपुढे लाल खूण झाली.

मतदानाआधीच्या शेवटच्या शनिवारी ऋताचा फोन आला. मागे पावसाचा आवाज.

"काका, माझ्याकडे चार माणसं आणि दोन दिवस आहेत. मिल लेनला जाऊ, की नव्या कॉलनीत? दोन्ही जमणार नाही."

रविंद्रांनी वहीवरून हात फिरवला. मॉरीनच्या नावावर बोट क्षणभर थांबलं.

"मिल लेनची काळजी सोड. ती माझी घरं आहेत. तू कॉलनी धर."

"नक्की ना?"

"अगं, दीडशे घरांशी बोललोय मी."

"मग झालं तर. तुम्ही म्हणता म्हणजे प्रश्नच नाही."

गुरुवारी तिकडे मतदान झालं, शुक्रवारी मोजणी. शनिवारी, तीन मेला, नेमकी ऑस्ट्रेलियाचीच निवडणूक होती. चारुता सकाळीच शेजारच्या शाळेत मत द्यायला निघाली, बाबा सोबत. आवारात सॉसेज भाजल्याचा वास, लांब रांग, आणि फाटकाशी पत्रकं वाटणारे कार्यकर्ते. एका तरुण मुलीने रविंद्रांपुढेही पत्रक धरलं.

"मला इथे मत नाही," ते म्हणाले. तरी पत्रक त्यांनी घेतलं. ती कशी उभी आहे, लोकांच्या डोळ्यांत बघते की नाही, हे ते न्याहाळत होते, तेवढ्यात फोन वाजला. ऋता. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेले असणार.

"एकोणतीस मतांनी जागा गेली, काका."

रविंद्र रांगेतून बाजूला झाले आणि शाळेच्या कुंपणाला टेकले.

"कॉलनीत आपण पुढे होतो," ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "पेट्या उघडतात तेव्हा आपली माणसं टेबलाशी उभी राहून बघतात ना, कुठल्या पेटीत कुणाची किती. मिल लेनची पेटी उघडली. गठ्ठ्यामागून गठ्ठे रिफॉर्मचेच. मला वाटलं चुकून दुसऱ्या भागाची पेटी आणली. मी विचारलंसुद्धा. मोजणारे हसले."

"ऋता..."

"तुमचा काय दोष. लोक फोनवर एक बोलतात. तुम्हाला खोटं सांगितलं त्यांनी."

इथे गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. तिने स्वतःच वाट काढून दिली होती. रविंद्रांनी काठी कुंपणाला टेकवून ठेवली.

"खोटं नाही सांगितलं. मॉरीनने मला स्पष्ट सांगितलं होतं. आणखीही काही जण होते. मी लाल खूण केली."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"कधी सांगितलं?"

"तू फोन करायच्या आधी."

"म्हणजे मी विचारलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग का, काका? मी गेले असते ना तिच्या दारात. शिव्या खाल्ल्या असत्या, पण गेले असते."

रविंद्रांना खूप सांगायचं होतं. की ती वही बंद झाली, की संध्याकाळी सातला कुणाशी बोलायचं. की निळी खूण केली असती, तर मिल लेन आपली राहिली नाही असं स्वतःच्या हाताने लिहिल्यासारखं झालं असतं. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "मला ते लिहवेना गं."

"ठीक आहे," ऋता म्हणाली. "झोपते आता. सकाळी शिफ्टला जायचंय."

चारुता मत देऊन बाहेर आली, तेव्हा बाबा तिथेच उभे होते. तिने त्यांची काठी उचलून हातात दिली. सॉसेज घ्यायचं का, तेवढं म्हणाली. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

पुढचे दोन रविवार त्यांनी ऋताला फोन लावला, तिने उचलला नाही. तिसऱ्या रविवारी उचलला. आवाज प्रसन्न होता.

"कसे आहात, काका? गुडघा काय म्हणतोय?"

"बरा आहे. ऋता, त्या दिवशीचं..."

"अहो, ते जाऊ दे. किती छान वाटलं तुमचा आवाज ऐकून. थंडी पडली का तिकडे?"

"पडायला लागलीय."

"जपा हं. मी जरा घाईत आहे, नंतर बोलू निवांत."

"बोलू," रविंद्र म्हणाले. आवाज ऐकून बरं वाटलं, असं मॉरीनही म्हणाली होती. तिने आधी फोन ठेवावा म्हणून ते थांबले. तो ठेवला गेला, तरी ते फोन कानाशी धरून बसले, आणि चारुताने पाणी आणून ठेवलेलं त्यांना कळलं नाही.