अकरा होड्यांचा दम

हुतूतूचा संघ सात जणांचा म्हणतात, पण ते मोजण्यापुरतं. खरा संघ एका गड्याचा असतो. तो बाद झाला की बाकीचे सहा जण हात चोळत बसतात. पलीकडे जाऊन, एखाददुसऱ्याला शिवून, शाबूत परत येणारा एक गडी मिळाला की गावाची दहा वर्षं निघतात. चिंचणीच्या आमच्या आळीला असा गडी कधी लाभला नाही. एकोणीसशे साठनंतरच्या त्या वर्षांत मी संघाचा कप्तान होतो आणि लागोपाठ चार वर्षं आम्ही शेवटून पहिले येत होतो. एक जण शोधून आणला, त्याने गुडघा मोडून घेतला. दुसरा सामन्याच्या वेळी हमखास ताडीच्या मडक्यापाशी सापडायचा. तिसऱ्याला सासऱ्याने डहाणूला घरजावई करून नेला. आई म्हणायची, तुमच्यापेक्षा आमी बायका बऱ्या खेळू, बाजारात कुणाला पुढे तरी सरकू देत नाय.

खाडीच्या मुखाशी पंधरा-वीस घरांची एक वस्ती होती. माझी धाकटी बहीण तिथे दिलेली. हुतूतूत त्या वस्तीच्या वाटेला कुणी जात नसे, इतका त्यांचा संघ भारी. एका पावसाळ्यात उधाणाने ती वस्ती खाल्ली. एका दिवसात नाही. आधी मासळी वाळवायची जागा गेली, मग खेळायची वाळू, मग पुढच्या रांगेतली घरं. श्रावण सरता सरता तिथल्या म्हाताऱ्या तांडेलाने, ज्याच्या शब्दावर वस्तीतल्या होड्या समुद्रात जायच्या, सांगून टाकलं की आता इथे चूल पेटवण्यात अर्थ नाही.

दिवाळीनंतर त्याने आजूबाजूच्या चार गावांच्या कप्तानांना बोलावून घेतलं. त्याच्या मागे सात जवान उभे होते.

"दर्याने माजी पोरं उठवली," तो म्हणाला. "तुमी वाटून घ्या. गडी ज्याच्याकडं, त्याची चूल बी त्याच्याकडं."

म्हणजे ज्या गावाने गडी घेतला, त्याने त्याला घरापुरती जागाही द्यायची. जागेची चणचण सगळ्यांनाच, म्हणून गावागणिक एकच गडी ठरला. उरलेल्या तिघांनी आपलं आपण बघायचं. रीत त्यानेच घालून दिली. शेवटी राहिलेल्या संघाने पहिली निवड करायची आणि गड्याच्या हातात विडा द्यायचा. विडा तोंडात गेला की गडी त्या गावचा. दुबळ्याला आधी वाढावं, हा त्याचा न्याय. पहिला विडा अर्थातच माझा होता.

त्या सात जणांत माझ्या बहिणीचा नवराही होता. मी त्याला विडा दिला तर बहीण आमच्या आळीत येणार होती, आईपासून तीन घरांवर. विहिरीमागची जागा आईने मनात कधीच सारवून ठेवली होती.

भांगाचे, म्हणजे मंद भरती-ओहोटीचे दिवस होते. पाण्याला ओढ नसते म्हणून होड्या सगळ्या वाळूवर ओढून ठेवलेल्या. दमाची परीक्षा आम्ही नेहमी तशीच घ्यायचो. एका दमात हुतूतू म्हणत होड्यांच्या रांगेकडेने चालायचं, दम तुटेल तिथे थांबायचं, आणि किती होड्या मागे पडल्या ते मोजायचं. सातांतला सगळ्यात उंच गडी अकरा होड्या गेला. आमची पोरं वेड्यासारखी ओरडत सुटली. माझा मेहुणा सहा होड्या गेला, थांबला, आणि सहाव्या होडीच्या काठावर बसून पायाची वाळू झटकू लागला.

तांडेल माझ्या शेजारी बसला होता. तो हळूच म्हणाला, "जातो किती लांब, ते सगळे बगतात. परत येतो का, ते बग."

मला हे सांगायची गरज नव्हती. पाच वर्षं मी त्या मेहुण्यासमोर कोपऱ्यात उभा राहिलो होतो आणि एकदाही तो माझ्या हाताला लागला नव्हता. तो फार आत यायचाच नाही. समोरच्याच्या पायांकडे बघत राहायचा, आणि त्याचं वजन चुकीच्या पायावर गेलं की शिवून रेषेपलीकडे गेलेला असायचा. आपण पकडायला हात उचलेपर्यंत तो तिकडे कपाळावरचा घाम पुसत असे.

मी विडा घेऊन उठलो. तेवढ्यात मागून आमच्याच संघातला एक जण म्हणाला, "बगा, आता मेव्हण्याचं घर भरणार." आणि दोघंतिघं हसले.

एवढंच झालं. आज विचार करतो तेव्हा लाज वाटते, की मी इतक्याने हललो. माझा स्वभाव तापट. कुणी बोट दाखवायच्या आत ते छाटायची घाई. लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही, म्हणून मी स्वतःचीच मान पिरगाळली. मेहुण्यासमोरून पुढे गेलो आणि त्या उंच गड्याच्या हातात विडा ठेवला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी, ही म्हण मी शाळेत घोकली होती.

पुढचे तीन विडे बघत मी उभा होतो. मला वाटलं होतं, दुसरा कप्तान मेहुण्याला झडप घालून घेईल. त्याने मेहुण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि तिसऱ्यालाच विडा दिला. पुढे त्यानेच मला सांगितलं, "सख्ख्या मेव्हण्याने सोडला, तवा मनलं कायतरी खोट असनार." उरलेल्या दोघांनीही तोच हिशेब केला असावा. चार विडे संपले. उरलेल्या तिघांत मेहुणा होता.

तो माझ्याकडे आला. "उंच हाय, दादा. पकडीला बी चालल," म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

घरी आलो तर मागच्या दाराशी बहिणीचा पाटा-वरवंटा. आई म्हणाली, "सकाळीच गाडीतून आला. बाकी सामान उद्या येनार." मग तिने माझ्याकडे बघितलं. "कोनाला दिलास?" मी सांगितलं. ती आत गेली. पुढचे आठ दिवस ती ताट वाढायची, आणि भिंतीकडे तोंड करून बसायची.

बहीण आणि मेहुणा बोईसरला गेले. तिकडे बांधकामं निघाली होती, सरावलीच्या बाजूला मजुरांच्या झोपड्या उभ्या राहत होत्या. जन्मभर वल्हं मारलेला माणूस डोक्यावरून खडी वाहू लागला. बहीण मासळी विकणाऱ्या घरातली, ती दुसऱ्याच्या टोपलीतली शिळी मासळी विकत घेऊ लागली. आणि आमचा अकरा होड्यांचा गडी? चार सामने खेळला, तीन जिंकवले. माघात मुंबईच्या कुठल्याशा गिरणीच्या संघाचा माणूस आला आणि त्याला घेऊन गेला. विहिरीमागे त्याच्या घराचे चार खांब तेवढे उभे राहिले. जो अकरा होड्या गेला, तो गेलाच.

पुढच्या वर्षी बोईसरला मजुरांच्या संघाशी आमचा सामना लागला. त्यांच्याकडून चढाईला मेहुणा यायचा. बाहेरून मजूर हिंदीत त्याला चेव देत होते. एकेक करत आमचे सगळे बाद झाले आणि मी एकटा उरलो. तो आला, माझ्या पायांकडे बघत राहिला. माझं वजन डाव्या पायावर गेलेलं मला कळलं, तोवर त्याने घोट्याला शिवलं होतं आणि मी तोंडावर पडलो होतो. रेषेपलीकडे जाऊन तो परत वळला, मला हात देऊन उठवलं.

"दादा, लागलं नाय ना?"

 त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर दोन वर्षांनी आई गेली. तेराव्याला बहीण आली. सगळे जेवून गेल्यावर ती मागच्या दाराशी पाट्याजवळ बसली होती. आईने तो पाटा कधी वापरला नाही, कुणाला हलवूही दिला नाही. मी म्हणालो, "आता घेऊन जा तुझा पाटा."

"ठेवू कुटं? खोलीत दोन मानसं नीट निजत नाय."

मग इतकी वर्षं गिळलेलं मी विचारलं, की वाटणी व्हायच्या आधीच तू तो पाठवलास कशाला?

"मी नाय पाठवला, दादा. त्यांनी पाठवला. मी मनत होते, आदी वाटनी होऊ दे. तर मनाले, पाच वरसं दादा माज्यासमोर उभा हाय. मी परत येतो, ते त्याच्याइतकं कोनालाच ठावं नाय."

ती रागावून बोलली नव्हती. वरवंटा उचलून तिने पाट्यावर नीट ठेवला आणि बोईसरच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठली.

मेहुणा म्हणाला ते खरं होतं. मला ठाऊक होतं.