स्विच लागतो म्हणजे काय होतं

आपण दोघांनी प्रयोगशाळेत मराठीच बोलायचं, आणि तेही नीट, हा नियम माझा. पाळणारे दोघंच, त्यातली एक नाइलाजानं.

फरिदाबादच्या एका संशोधन संस्थेत मी पीएचडीनंतरचं काम करत होतो. शेजारच्या टेबलावर एक मुलगी नव्यानं आली. वडील केंद्र सरकारात, घर लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये, जन्म आणि शाळा दिल्लीतली. घरी मराठी, पण ती 'अच्छा' आणि 'यार' यांचा हात धरून चालणारी. मी पुण्याचा. तेव्हा तिची भाषा सुधारण्याची जबाबदारी माझीच आहे, असा मी स्वतःचा समज करून घेतला होता.

"दादा, या ट्यूब मशीनमध्ये डालू?"

"घालू."

"तू घालतोस? थँक्यू यार."

मशीनमध्ये ट्यूब मीच घातल्या. सुधारणा अशी चालली होती.

ती चाचणीवर होती. काही महिने काम करायचं, मग समितीसमोर ते मांडायचं. समितीला पटलं तर पीएचडीला जागा, नाहीतर नमस्कार. घरच्यांनी बँकेच्या परीक्षांचे क्लास आधीच बघून ठेवले होते, असं ती सांगायची. आमच्या प्रमुख मॅडमनी तिला दिलेला विषय मूळ माझ्या हातचा होता: रायबोस्विच.

जनुकातला मजकूर वापरायचा झाला की पेशी त्याची आरएनएवर नक्कल काढते आणि ती वाचून प्रथिन बनवते. काही जिवाणूंमध्ये या नकलेच्या सुरुवातीचा तुकडा नुसता मजकूर नसतो. तो स्वतःभोवती दुमडून एक खोबण तयार करतो. त्या खोबणीत ठरावीक छोटा रेणू येऊन बसला की घडी बदलते, आणि पुढचं प्रथिन बनायचं की नाही ते तिथेच ठरतं. मध्ये कोणी निरोप्या नाही, परवानगी देणारा साहेब नाही. दिल्लीत राहून हे वाचलं की फार बरं वाटतं.

गंमत अशी, की काही रायबोस्विच रेणू आला की काम थांबवतात आणि काही सुरू करतात. जिवाणू जो पदार्थ स्वतः बनवतो तो पुरेसा झाला, तर बनवणं थांबलेलं बरं. उलट एखादा विषारी पदार्थ आत शिरला, तर तो बाहेर फेकणारा पंप सुरू झालेला बरा. आमचं जनुक काय काम करतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे अंदाजानं दिशा सांगणं अवघड. मी पूर्वी एकदा घाईघाईत तपासलं होतं. आमचा स्विच थांबवणारा होता. जगात हे मला एकट्याला माहीत होतं, आणि मी ते तिला सांगितलंही.

"रेणू आला की स्विच लागतो," मी म्हणालो.

"मतलब?"

"मराठीत विचार."

"म्हणजे?"

"म्हणजे लागतो. साधं क्रियापद आहे."

तिनं मान हलवली. मी समाधानानं माझ्या टेबलाकडे वळलो.

प्रयोग सोपा होता. त्या आरएनए-तुकड्यापुढे हिरवं चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक जोडायचं. प्रथिन बनलं की जिवाणू चमकणार, नाही बनलं की अंधार. काही नळ्यांत रेणू घालायचा, काहींत नाही, आणि बघायचं. मी त्या काळात माझा एक शोधनिबंध परत आल्यामुळे रुसून होतो. तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. ती रोज उशिरापर्यंत थांबते, हे दिसत होतं. मेहनती मुलगी, असं मनात म्हणून मी वेळेवर मेट्रो पकडायचो.

समितीच्या आदल्या दुपारी तिनं सरावासाठी मला समोर बसवलं. पहिल्याच पानावर होतं: प्रयोग फसला, संभाव्य कारणं.

"काय फसलं?"

"सगळं. रेणू डाल... घातला की डार्क. नाही घातला तर मस्त चमकतात. एकदम उलटं. मी रेणूची बाटली बदलली, नवे जिवाणू घेतले, दुसरं मशीन वापरलं. मग खोबणच मोडून बघितली, जनुकातली अक्षरं बदलून. तेव्हा रेणू घातला तरी चमकले. मला काहीच समजेना."

"अगं, हे सगळं बरोबर आहे."

"दादा, तूच तर म्हणालास लागतो."

"हो. लागतो. बंद होतो."

तिनं माझ्याकडे बघितलं. "दिवा लागतो म्हणजे बंद होतो?"

"दिवा लागतो म्हणजे पेटतो. पण दार लागतं म्हणजे..."

"दार आमच्याकडे बंद होतं. लागत नाही."

खरंच होतं. त्यांच्या घरी दिवा लावतात, कुकर लावतात, टीव्ही लावतात. दार मात्र हिंदीच्या शेजारानं नुसतं बंद करतात. माझ्या मनात दार होतं, तिच्या मनात दिवा.

"ऑफ म्हणायला काय झालं होतं?"

"ते मराठी नाही," मी म्हणालो.

तिनं पहिलं पान काढून टाकलं, बाकी एकही बदललं नाही. दुसऱ्या दिवशी समितीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी नेमकं त्या मोडलेल्या खोबणीवर बोट ठेवलं. खोबण मोडल्यावर स्विच निकामी होतो, म्हणजे रेणू तिथेच बसतो, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा नको, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी विचारलं, सगळं सरळ दिसत असताना इतक्या बाजूंनी तपासायचं कसं सुचलं?

मी मागच्या रांगेत बुटांकडे बघत होतो.

"सर, मुझे यक़ीन था कि मैं ग़लत हूँ," ती म्हणाली. "दादा ने मराठी में समझाया था."

मॅडमनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांना मराठी येत नाही, पण चेहरा वाचता येतो.

तिला जागा मिळाली. पत्र हातात ठेवताना मॅडमनी विचारलं, मार्गदर्शनाला हाच चालेल ना? ती चालेल म्हणाली, फक्त एक अट घातली: कामाच्या सूचना इंग्रजीत हव्यात. मॅडमनी लगेच मान्य केली. मला कोणी विचारलं नाही. वडिलांना फोन लावायला ती बाहेर गेली, आणि त्या दिवशीच्या तिच्या ट्यूबही मीच मशीनमध्ये घातल्या.