डोंगरातल्या विहारात आईची वंदना

आधी एक सांगून टाकते, म्हणजे समजेल मी काहून एवढी उड्या मारून राहिली. आमच्या कॉलनीतल्या विहारात दर रविवारी वंदना आईच सांगायची. ती एक ओळ म्हणणार, तिच्यामागून सगळे. मागच्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज असा बसला की फोनवर लोक नुसते हॅलो-हॅलो करत राहतात. डॉक्टर म्हणाले बोलत राहा, हळूहळू सुधरेल. पण आई लाजते. वंदनेच्या वेळी मागे चपलांपाशी बसते, फक्त ओठ हलवते. आता मावशी सांगते, आणि तिची वंदना म्हणजे दुरांतो, मधे थांबणंच नाही.

तर जानेवारीतला रविवार. दोघींले कारमधे बसवलं आणि चंद्रपूर रोडनं निघालो, डोंगरात कोरलेलं जुनं विहार पाहाले. हजारो वर्षांआधी तिथं भिक्खू राहायचे! विहारात जायचं म्हणून तिघीही पांढऱ्या कपड्यांत. आणि इथंच फसलो. चढावर मोठमोठे दगड आहेत, एकावर एक असे टेकलेले की फुंकर मारली तर पडतील. कोणी रचले नाहीत, ऊनपावसानंच तसे झाले. मावशी फोटोसाठी एकाच्या कुशीत जाऊन बसली. उठली तर मागून पूर्ण साडी लाल मातीनं रंगलेली. तिले झटकाले गेली तर माझीही ओढणी लाल झाली. आई हसली, पण आवाज नाही, नुसते खांदे हलले.

मावशीनं सांगून टाकलं की अशा अवतारात ती बुद्धासमोर पुढे उभी राहणार नाही.

"तूच सांग वं बाई आता. तुझीच पांढरी राहिली."

मले अजूनही डाऊट आहे, ती मुद्दामच बसली.

आत लांबलचक अंधारी वाट, आणि पार शेवटी दगडातच कोरलेला बुद्ध. वर्ध्याचं एक कुटुंब आधीच हात जोडून उभं होतं. मावशीनं त्यांले परस्पर सांगितलं की वंदना ह्या सांगतात. झालं, आईले पळाले जागाच नाही. तिनं पहिली ओळ म्हटली, अगदी कुजबुजल्यासारखी. आणि त्या भिंतींनी ती उचलली ना, मोठी करून परत दिली! आई दचकून थांबलीच. मले वाटलं, संपलं. पण तिनं भिंतीले हात लावला आणि तीच ओळ पुन्हा घेतली, आणखी सावकाश. तिच्यामागून आम्ही आणि वर्ध्यावाले. मधे एकदा आवाज फाटला. ती थांबली, सगळे थांबले, मग पुढे.

बाहेर त्या दगडांच्या सावलीत भाकर खाताना मावशीनं विचारलंच, रविवारचं काय मग?

आई म्हणाली, आपल्या विहाराच्या हॉलमधे असा आवाज मोठा करणारा दगड थोडीच आहे. मग भाकर मोडून मावशीकडे वळली.

"पण तू लय पळवते वं. मीच सांगीन. ज्याले ऐकू येत नाही त्यानं जवळ येऊन बसावं."