जुनी गाडी, नवी गाडी आणि मी

मला पाहायला आलेल्या पाहुण्यांनी आमच्या घरी सगळ्यात जास्त वेळ जे पाहिलं, ती आमची गाडी होती.

गाडीचं नाव सांगत नाही. (कंपनीनं मला साधी की-चेनसुद्धा दिलेली नाही, मी कशाला फुकटात जाहिरात करू?) एवढंच सांगते, की उंच, चौकोनी, पाच-सहा माणसांच्या घराला पुरेल अशी ती गाडी तेव्हा आमच्या जिल्ह्यात दर दुसऱ्या लग्नाच्या मांडवासमोर उभी असायची. ती 'जुनी'. मग कंपनीनं तिचे कोपरे गोल केले, दारावरची स्टेपनी काढून पोटाखाली लावली, मागे कॅमेरा बसवला. ती 'नवी'. जुनी चांगली की नवी, या विषयावर गोंदिया जिल्ह्यातली माणसं जेवण थंड होईपर्यंत बोलू शकतात. माझे बाबा जेवण विटेपर्यंत बोलू शकतात!

बाबांचं आमगावला खत-बियाण्यांचं दुकान, आणि गावाबाहेर धानाची शेती. आमच्याकडे अर्थातच जुनी होती. पाहुणे यायच्या दिवशी बाबांनी उजाडल्यापासून ती धुवायला घेतली.

"अजी, आज पोरगी दाखवाची हाय का गाडी?" आई दारातून ओरडली.

"पोरगी तं स्वच्छच हाय नं!" बाबा म्हणाले. "गाडीवर चिखल हाय."

हे मी आत साडीच्या निऱ्या घालत ऐकत होते.

मला त्या दिवशी फक्त एक प्रश्न विचारायचा होता. मी दरेकसाच्या बाजूला एका शाळेत शिकवत होते. आमगावहून पॅसेंजरनं दरेकसा, तिथून पुढे सायकलनं जंगलातला रस्ता. नोकरी कष्टाची होती, पण माझी होती. लग्नानंतर ती सोडायची नाही हे मी पक्कं ठरवलेलं. आधीचं एक स्थळ याच प्रश्नावर गेलं होतं. (मी तो भर बैठकीत विचारला आणि मुलाच्या मामांना चहाचा ठसका लागला. ठसका थांबला, बोलणी पुन्हा सुरू झाली नाहीत.) म्हणून आईनं या वेळी मला तंबी दिली होती.

"बाई, सगळ्याइसमोर तोंड उघडू नको. मंग दोघाइले बोलाले बसवतेत, तवा पोराले इचार. हळूच."

आता मुलगा नावडता असता तर मी पुन्हा बैठकीतच विचारून मोकळी झाले असते. पण फोटोत मुलगा बरा दिसत होता. खरं सांगायचं तर चांगला दिसत होता. त्यामुळे मी तोंड बंद ठेवायचं कबूल केलं. चूक तिथंच झाली.

पाहुणे गोंदियाहून आले. मुलगा प्रमोद, सरकारी कचेरीत नोकरीला. त्याचे वडील, त्यांचं राइस मिलच्या मशीनचे पार्ट विकायचं दुकान. आणि त्याची आई. तिघंही आले ते नव्या गाडीतून! तीच गाडी, पुढची पिढी. अंगणात आमच्या जुनीच्या तोंडाला तोंड लावून ती उभी राहिली आणि मी खिडकीच्या फटीतून बाबांचा चेहरा पाहिला. आज पोरीचं लग्न ठरणार आहे हे त्या चेहऱ्यावरून पार पुसलं गेलं होतं.

"अरे वा, भाऊसाहेब! आपके पास पुरानीवाली अभी तक है?" मुलाचे वडील उतरता उतरता म्हणाले.

'अभी तक' हे दोन शब्द बाबांना लागले.

"हाय नं जी. चालू हाय म्हून ठेवली. तुमची जुनी काऊन इकली?"

झालं! नमस्कार राहिला, पाणी राहिलं, दोघं आपापल्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

इकडे आईनं माझ्या हातात पोह्यांचा ट्रे दिला, डोक्यावर पदर नीट केला, "खाली पाहत जाय" म्हणाली. मी खाली पाहत बैठकीत गेले. खाली पाहत असल्यामुळे मला आधी एका बाईचे पाय दिसले. बाकी बैठकीत पायच नव्हते! मुलाची आई एकटी बसली होती, हातातली पर्स मांडीवर धरून.

"बाहेर हायेत सगळे," त्या वैतागून म्हणाल्या. "घरून निंगतानाच म्या सांगतलं होतं, गाडीचा इषय काढू नका म्हून."

त्या क्षणी मला त्या फार आवडल्या.

मग मी ट्रे घेऊन अंगणात गेले. तिथं जे दिसलं ते माझ्या भावी नवऱ्याचं पहिलं दर्शन होतं. दोन पाय. पॉलिश केलेल्या बुटांतले, गाडीखालून बाहेर आलेले. बाकीचा मुलगा गाडीच्या पोटाखाली होता!

"दिसली का स्टेपनी?" बाबा वाकून विचारत होते.

"दिसून राहिली, काका," गाडीखालून आवाज आला.

"आता काढून दाखवा!"

"आता कशी काढू? जॅक लागते."

"हेच! हेच म्हणून राहिलो मी!" बाबांनी आमच्या गाडीच्या मागच्या दारावरच्या स्टेपनीवर थाप मारली. "इकडे पाहा. उभ्या-उभ्या काढा. कपडे खराब होत नाईत."

"लेकिन पीछे का दरवाजा कितना भारी हो गया आपका!" मुलाचे वडील म्हणाले. "आमचा पाहा, एका बोटानं उघडते."

मी पोहे, पोहे, असं दोनदा म्हटलं. मुलाच्या वडिलांनी माझ्याकडे न पाहता प्लेट उचलली आणि आमच्या नुकत्या धुतलेल्या बॉनेटवर ठेवली. बाबांनी लगेच आपली प्लेट त्यांच्या बॉनेटवर ठेवली. मी उरलेल्या प्लेटांचा ट्रे घेऊन उभी होते. साडी कांजीवरम होती हे मला एकटीलाच माहीत होतं.

पुढचा मुद्दा निघाला तो गाडीच्या उंचीचा. बाबा आत धावत गेले आणि पाहुण्यांच्या पाण्यासाठी भरून ठेवलेला पितळी तांब्या घेऊन आले. तो आमच्या गाडीखालून इकडून तिकडे सरकवला. आरामात गेला. मग त्यांच्या गाडीखाली सरकवला, तो मधेच कशाला तरी अडला. मुलगा पुन्हा खाली शिरला. या वेळी तांब्या काढायला!

"अजी, त्याइले पानी प्याले पाह्यजे!" आई कळवळून म्हणाली.

"उंची मोजून होऊ दे नं आधी!"

तोवर मुलाच्या वडिलांना आपल्या गाडीची डिकी आठवली. नव्या गाडीची डिकी जुनीपेक्षा मोठी आहे असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या भागात डिकी लिटरमध्ये मोजत नाहीत, धानाच्या कट्ट्यांमध्ये, म्हणजे पोत्यांमध्ये मोजतात. बाबांनी कोठारातून कट्टे काढायला लावले. सासरे (म्हणजे तेव्हा अजून झाले नव्हते, पण आता तसंच म्हणते) बाह्या वर करून स्वतः उचलायला लागले. जुनीत मागच्या सीट पाडून कट्टे अलगद बसले. नवीत एक कट्टा बसेना. दोघांनी मिळून त्याला गुडघ्यानं दाबलं. कट्टा बसला आणि उसवला! धान सगळ्या सीटांवर, सीटांखाली, जिथं जिथं जाता येईल तिथं तिथं गेलं.

"अवो माय!" मुलाच्या आई दारात आल्या होत्या. "घरी जाऊन हे कोन निवडन?"

तेव्हा त्या दोन्ही आयांनी एकत्र येऊन फर्मान काढलं. मुला-मुलीला बोलायला बसवा, आत्ताच्या आत्ता! आम्हाला ओसरीतल्या बाजेवर बसवलं. मी पहिल्यांदा त्याचा चेहरा पाहिला. कपाळावर ग्रीसचा डाग, केसांत दोन-चार धानाचे दाणे. फोटोपेक्षा चांगला होता, काय करू!

"तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा," तो म्हणाला. त्यालाही माझ्याइतकाच घाम आला होता.

मी घसा साफ केला. "माझी नोकरी—"

"प्रमोदराव! चाबी!" बाबांचा आवाज.

तो उठला. शपथेवर सांगते, मी त्याची बाही धरायला हात पुढे केला होता, पण आई पाहत होती.

अंगणात पैज लागली होती. बाबांचं म्हणणं, आमच्या बांधीकडे, म्हणजे धानाच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर नवी पोहोचूच शकत नाही. सासऱ्यांचं म्हणणं, "अरे भाऊ, ये गाडी तो पहाड चढती है!" दोघांनाही साक्षीदार हवे होते, म्हणून सगळ्यांना गाड्यांत कोंबण्यात आलं. आमच्या गाडीत बाबा, आई आणि मी. मागच्या गाडीत सासरे, सासूबाई, प्रमोद आणि पसरलेलं धान.

उन्हाळी धानासाठी बांध्यांना पाणी सोडलेलं होतं. शेताचा रस्ता एका जागी पाझरून पार लोणी झाला होता. बाबांनी पहिला गिअर टाकला, आमची जुनी गुरगुरत त्यातून पलीकडे निघाली. मागून नवी आली आणि मधोमध बसली. चाकं फिरायला लागली, गाडी खाली जायला लागली.

"पाहा!" बाबा इतके खूश झाले की पोरीचं लग्न चार वेळा ठरलं असतं तरी तेवढे झाले नसते. "थांबा, मी ओढून काढतो!" म्हणत त्यांनी आमची गाडी मागे घेतली. कॅमेरा नव्हता. ती थेट रस्ता सोडून बाजूच्या बांधीत गेली आणि दारापर्यंत रुतली.

आता दोन्ही पिढ्यांचा निकाल समसमान लागला होता. पण मालक काही उतरले नाहीत! बाबा आपल्या स्टिअरिंगवर, सासरे आपल्या स्टिअरिंगवर, आणि दोघं खिडकीतून एकमेकांशी भांडत होते.

"तुमच्या मागे-मागे आलो म्हून फसलो!"

"गाडीत दम राह्यते तं फसतेच कायले?"

धक्का मारायला उरलो आम्ही. सासूबाई, आई, प्रमोद आणि मी. नवी गाडी कमी रुतली होती म्हणून आधी तिला हात घातला. मी चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि प्रमोदच्या शेजारी उभी राहून गाडीला खांदा लावला. एवढ्या जवळ तो दिवसभरात पहिल्यांदाच सापडला होता. इथून सगळे घरी जाणार, अंगणात पुन्हा गाडीचा विषय निघणार, संध्याकाळ होणार आणि पाहुणे निघून जाणार, हे मला लख्ख दिसलं. मला रडूही येत होतं आणि रागही इतका आला होता की आईची तंबी मी चिखलात सोडली.

"लग्न झाल्यावर मी दरेकसाची नोकरी सोडणार नाही!" मी ओरडले. (इंजिन घरघरत होतं, हळूच कसं बोलणार?) "चालेल का नाही ते सांगा!"

नेमकं त्याच वेळी सासऱ्यांनी अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. सगळ्या शेतावर माझा आवाज ऐकू गेला. आईनं डोळे मिटले. बाबांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

प्रमोदनं खांदा गाडीला तसाच लावून माझ्याकडे पाहिलं. "सोडाले कोन सांगून राहिलं?" तो म्हणाला. "गोंदियावरूनबी तेच पॅसेंजर जाते. सकाळी मी टेशनवर सोडत जाईन नं."

मला एकदम हलकं वाटलं. इतकं, की माझ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे.

"पहले ये बता, कौनसी गाडी में छोडेगा?" खिडकीतून सासरे.

"जुनीतच!" बांधीतून बाबा.

सासऱ्यांनी रागानं अॅक्सिलरेटर दाबला, मी जीव खाऊन ढकललं आणि नवी गाडी उसळी मारून बाहेर पडली. मी मात्र धक्का मारतच राहिले होते. समोर गाडी नव्हती. मी कांजीवरमसकट पालथी चिखलात गेले.

सासूबाईंनी मला उठवून बसवलं. माझ्या तोंडावर चिखलाशिवाय काही दिसत नव्हतं. त्यांनी आपल्या पदरानं माझा एक गाल पुसला, खालचा रंग पाहिला, आणि आईकडे वळल्या. "चेहरा मंग घरी पाहू. पन आमाले पोरगी पसंत हाय. आमच्या घरी धक्का माराले मानूस नव्हतं."

(आमची जुनी नंतर ट्रॅक्टरनं काढली. बाबांनी हे आजपर्यंत कबूल केलेलं नाही.)

प्रमोदनं शब्द पाळला. मी अजून दरेकसालाच शिकवते आणि तो अजून मला स्टेशनवर सोडतो. काही वर्षांनी त्या गाडीची तिसरी पिढी आली, आणि ती माझ्या पगारातून, माझ्या नावावर घ्यायचं ठरलं. शोरूममध्ये बाबा, सासरे आणि नवरा तिघंही माझ्या आधी पोहोचले होते. तासभर तिघांनी तीन पिढ्यांची तुलना केली. बाबांनी डिकीत स्वतः बसून पाहिलं. शेवटी सेल्समननं थकून विचारलं, "गाडी कुणाच्या नावावर घ्यायची आहे?" तिघांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मॅडम, मग तुम्हाला काय पाहायचंय? मायलेज? सेफ्टी? म्युझिक?"

मी चपला काढल्या, पदर खोचला, गाडीच्या मागे गेले आणि सगळा जोर लावून ढकलली. तसूभर हलली नाही. पुन्हा ढकलली. सगळं शोरूम पाहत होतं.

"ही नापास!" मी धापा टाकत जाहीर केलं. "आधीची हिच्यापेक्षा हलकी होती."

नवरा माझ्या कानाशी आला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळूच बोलला, "अवो, हँडब्रेक ओढलेला हाय."